उजव्या टोकाचा माणूस

मार्नी केचम पहिल्यांदा मंडळाच्या बैठकीला आली, तेव्हा ऑरिन लेम्केला तिच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटलं नाही. कॉफीच्या टेबलाशी चाचपडत उभ्या असलेल्या त्या पस्तिशीच्या बाईला त्याने साखर कुठे आहे ते सांगितलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. पुढे तिचं नुसतं नाव निघालं तरी त्याच्या छातीत जळजळायला लागलं, तेव्हा त्याला त्या साखरेचाही पश्चात्ताप झाला.

मंडळ म्हणजे जेनेसी खोऱ्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांचं मंडळ. सभासद एकतीस. बहुतेक सत्तरीला टेकलेले, आणि निम्मे तरी असे की ज्यांची उभी हयात रॉचेस्टरच्या फिल्म कारखान्यात गेली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात जमायचं. जो तो आपली नवी खरेदी टेबलावर मांडणार, बाकीचे ती उलटीपालटी करून पाहणार, शटरचा आवाज कानाशी धरून ऐकणार आणि मग सहज म्हणणार, "छान आहे. माझ्याकडे आहे तो याच्या आधीचा." एवढ्यासाठी माणसं बर्फातून चाळीस मैल गाडी हाकत यायची. संग्राहक हा प्राणीच तसला. वस्तू मिळाल्याचा त्याला जेवढा आनंद, तेवढाच ती दुसऱ्याला न मिळाल्याचा.

ऑरिनचा प्रांत फ्लॅशचा. त्याच्या घराच्या तळघरात फळ्यांवर ती सगळी वंशावळ ओळीने मांडलेली होती. सुरुवातीला पत्र्याचं पसरट तबक. त्यात मॅग्नेशियमची पूड भरून पेटवायची, की लग्नघरात धुराचा लोट, नवरीच्या झग्यावर राख आणि फोटोग्राफरच्या भुवया गायब. मग काचेच्या फुग्यात चुरगाळलेला ॲल्युमिनियमचा वर्ख आणि प्राणवायू कोंडलेले बल्ब. मग वर्खाच्या जागी केसासारखी बारीक तार. मग बोटाच्या पेराएवढे बल्ब, मग चार तोंडांचे ठोकळे, आणि शेवटी विजेचा फ्लॅश आला आणि या सगळ्यांचं दुकान बसलं. ऑरिनचं त्यातल्या बल्बांवर प्रेम होतं. एक बल्ब एकदाच पेटतो. जपून ठेवला तर तो नुसती काच, आणि पेटवला तर संपला. त्यामुळे जगात जेवढे उरलेत त्यांतला एक पेटवायचा मान मिळणं ही काही साधी गोष्ट नव्हे, आणि मंडळात तो मान सव्वीस वर्षं ऑरिनकडे होता.

दर ऑक्टोबरला मंडळाचं वार्षिक जेवण असे. तळलेला मासा, कोबीचं सॅलड, गोड म्हणून सफरचंदाचा पाय, आणि जेवणानंतर बायका-नवऱ्यांसकट सगळ्यांचा एक फोटो. तो फोटो जुन्याच पद्धतीने काढायचा असा दंडक होता. मोठा लाकडी कॅमेरा तिवईवर, माणसं तीन ओळींत. मग तळघरातले सगळे दिवे घालवायचे. मिट्ट अंधारात शटर उघडून ठेवायचं, आकडे मोजायचे, बल्ब पेटवायचा, शटर बंद करायचं. अंधारात काय घडलं ते फिल्मला दिसत नाही. तिला दिसतो फक्त तो एक लखलखाट. फोटोग्राफरने "झालं" म्हटल्याशिवाय दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही.

हे काम ऑरिन डोळे मिटून करायचा, कारण अंधार हे त्याचं माहेरच होतं. चौतीस वर्षं त्याने कारखान्यात फिल्मवर थर चढवण्याच्या खात्यात काढली होती. तिथे दिवा म्हणून नाही. टक्कर होऊ नये म्हणून येताजाता शीळ घालायची, आणि कोण कुठे उभं आहे ते वासावरून ओळखायचं. लोक अंधारात बावरतात. ऑरिनच्या खांद्यांवरचं मात्र अंधारात ओझं उतरायचं. तिथे त्याला कुणी बघत नव्हतं.

तर अशा माणसाच्या राज्यात मार्नी केचम आली. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात घासून द्यायची नोकरी, घटस्फोट झालेला, आणि बोलायला मोकळी. संग्रह करायला लागून दीड वर्ष. दीड वर्षात माणसाला काय येतं? ऑरिनला पहिल्या दीड वर्षात तीन फुटके कॅमेरे मिळाले होते. हिला मिळत होतं सगळं. रस्त्याकडेच्या विक्रीत एका खोक्यात जुनी लेन्स, शेजाऱ्याच्या पोटमाळ्यावर पूड पेटवायचं तबक, तेही मूळ चामडी पिशवीसकट. ती ते टेबलावर ठेवायची आणि खरोखर भाबडेपणाने विचारायची, "हे काही विशेष आहे का?" विशेष आहे का! ऑरिनने त्या पिशवीसाठी अकरा वर्षं पत्रव्यवहार केला होता.

आणि कार्माइन! मंडळाचा अध्यक्ष कार्माइन बुशेलो हा ऑरिनचा चाळीस वर्षांचा दोस्त. शनिवारी सकाळी दोघांनी मिळून जुनं सामान विकायला काढलेली घरं पालथी घालायची, दुपारी हॉट डॉग खाऊन एकमेकांच्या खरेदीची टर उडवायची, हा नेम. आता गाडीत मागच्या सीटवर मार्नी असायची. कार्माइनला ती "अरे कार्माइन" म्हणायची. ऑरिनला मात्र "मिस्टर लेम्के, तुम्ही". आदर म्हणूनच म्हणत असेल बिचारी, पण ऑरिनला त्यात दारात उभं केल्यासारखं वाटायचं.

कळस झाला तो कल्व्हर रस्त्यावरच्या घरात. तिथला लग्नाचे फोटो काढणारा म्हातारा वारला होता आणि मुलींनी घरातलं सामान विकायला काढलं होतं. शुक्रवारी सकाळी रांगेत पहिला नंबर ऑरिनचा. त्याने दोन तास तळघर उपसलं आणि एक मोडकी तिवई नि पोचे पडलेली फ्लॅशची तबकडी घेऊन परत आला. रविवारी, सगळा माल अर्ध्या किमतीत निघाला तेव्हा, मार्नी मुरांब्याचं भांडं बघायला म्हणून गेली. भांडं होतं घर तापवायच्या भट्टीच्या मागच्या फळीवर, आणि भांड्यामागे एक खोकं. बारा मोठे बल्ब, घरातल्या दिव्याएवढे, एकही न वापरलेला. काखेत कळसा म्हणतात तो ऑरिनच्या काखेतच होता, आणि उचलला तिने.

पुढच्या बैठकीत खोकं उघडलं तेव्हा कार्माइनने डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी असले बल्ब पेटवून अर्ध्या शहराची लग्नं लावली. कुठे गं सापडतं तुला हे सगळं?"

"भट्टीच्या मागे," मार्नी म्हणाली. "मिस्टर लेम्के, तुम्हीही गेला होतात ना त्या घरी? तुम्ही कसे नाही घेतलेत?"

"मला नको होते," ऑरिन म्हणाला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं की हे खोटं आहे, आणि ते सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले.

त्याच बैठकीत कार्माइनने तो विषय काढला. सरळ काढला असता तर बरं, पण तो आधी खाकरला.

"यंदाच्या फोटोचं म्हणत होतो मी. बल्ब मार्नीचे, तर यंदा फोटोही तिलाच काढू द्यावा."

"का?" ऑरिनने विचारलं.

"का म्हणजे, नवीन माणसाने शिकायला नको? आपण काय जन्माला पुरणार आहोत?"

"खरं कारण सांग."

कार्माइनने मान खाली घातली. "अरे लेका, गेल्या वर्षीचा कोरा आला ना."

आला होता. पेटीतली फिल्म झाकणारी सरकती पट्टी ओढून काढायला ऑरिन विसरला होता. सव्वीस वर्षांत एकदा. भिंतीवर पंचवीस फोटोंच्या ओळीशेवटी एक जागा रिकामी होती, आणि दर बैठकीला ऑरिन नेमका तिच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची धरायचा.

"एकदा तरी तू फोटोत ये की!" कार्माइन उसनं हसत म्हणाला. "तुझं थोबाड इतकंही वाईट नाहीये."

सगळे हसले. मार्नी हसली नाही. ती म्हणाली, "मिस्टर लेम्के, तुमची हरकत असेल तर मी नाही काढणार." आता या वाक्यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणूनच ऑरिनला ते सोसवेना. भांडणारी असती तर भांडला असता. हिच्या चांगुलपणाला धरायला कुठे मूठच नव्हती.

"माझी कसली हरकत," तो म्हणाला आणि टोपी उचलून घरी आला.

लोरेटाला, त्याच्या बायकोला, हे दुसरीकडूनच कळलं. कार्माइनच्या बायकोचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी ऑरिन जेवायला स्वयंपाकघरात आला तर ती गुणगुणत होती.

"मिरच्या झोंबल्या ना नाकाला?" तिने विचारलं.

"मला काय फरक पडतो?"

"पडतो ना. कालपासून तू मीठ म्हणून तीनदा साखर मागितलीस." तिने त्याच्यापुढे ताट सरकवलं. "हे बघ, मला तर बाई आनंद झालाय. सव्वीस वर्षं दर फोटोत मी आपली एकटी उभी. परवा मंडळातली टिली विचारत होती, तुमचे हे वारले त्याला किती वर्षं झाली म्हणून."

"टिली बावळट आहे."

"असेल. पण मी नवा ब्लाउज घेतलाय. निळा. आणि तू माझ्या शेजारी उभा राहणार आहेस, हसऱ्या तोंडाने. समजलं?"

ऑरिन हो म्हणाला. पण पुढचे तीन आठवडे त्याच्या मनात ब्लाउज नव्हता नि काही नव्हतं. तिथे एकच गोष्ट फिरत होती. मार्नीचा फोटो चांगला येईल. तो त्या रिकाम्या जागेशेजारी लागेल. लोक जन्मभर म्हणतील, ऑरिनचा कोरा आला आणि मग या पोरीने सांभाळून घेतलं. रात्री नाही, दिवसाढवळ्या, दाढी करताना, मोटार धुताना त्याला हे ऐकू यायचं. तिचा कोरा यावा. बस. एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने देवाला साकडं घातलं नाही, कारण देवाला तोंड दाखवण्यासारखी ती इच्छा नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

जेवणाचा शनिवार उजाडला. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, पण चर्चच्या तळघराला खिडकी नाही. मासा खाऊन झाला, गोड खाऊन झालं. कार्माइनने आजोबांच्या जळालेल्या भुवयांची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना पाठ होती, तरी सगळे हसले. मग खुर्च्या हलवल्या, तीन ओळी लागल्या, आणि मार्नी खोक्यातून एक बल्ब काढून ऑरिनकडे आली.

मंडळाचा एक नियम होता. बल्ब पेटवण्याआधी तो दोन माणसांनी तपासायचा. या जातीच्या प्रत्येक बल्बाच्या आत, काचेला चिकटवलेला, मसुराएवढा एक निळा ठिपका असतो. निळा आहे तोवर बल्ब धडधाकट. काचेला कुठे डोळ्याला न दिसणारा तडा गेला आणि हवा आत शिरली, तर तो ठिपका गुलाबी होतो. गुलाबी ठिपक्याचा बल्ब पेटवायचा नाही. तो हातात फुटतो. हे मंडळातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं.

"मी काल रात्री बाराही पाहिले," मार्नी म्हणाली. "निळे होते. पण मी आपलं पुस्तकात वाचलेलं. तुम्ही हाताळलेत. दुसरी नजर तुमचीच हवी मला."

ऑरिनने बल्ब घेतला, खिशातलं भिंग काढलं, बल्ब दिव्याकडे धरून फिरवला. ठिपका गुलाबी होता. किंचित नव्हे, चांगला गुलाबी. रात्रीतून हवा शिरली होती, किंवा गाडीत हादरा बसला होता, काहीतरी. खोक्यात अजून अकरा होते. "दुसरा आण" एवढे दोन शब्द म्हणायचे होते.

त्या तीन-चार क्षणांत त्याने स्वतःला जे सांगितलं ते असं. हवा शिरलेले कितीतरी बल्ब नुसते फुसकन विझतात. फुटतात ते थोडे. हा विझेल. फोटो येणार नाही. तीही आपल्यासारखीच होईल, दुसरं काय? कुणाचं काही बिघडत नाही.

"निळा आहे," ऑरिन म्हणाला.

"थँक्यू, मिस्टर लेम्के." तिने बल्ब घेतला, पितळी बूड जुन्या फोटोग्राफरांसारखं जिभेवर ओलं केलं आणि खोबणीत बसवला. हे तिला कार्माइनने शिकवलं असणार, कारण ऑरिनने शिकवलं नव्हतं.

तो मागे वळला आणि दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. लोरेटाने त्याच्या दंडात हात घातला. निळा ब्लाउज तिला खरंच शोभत होता, आणि ती ओठ मिटून हसायचा सराव करत होती.

"सगळे तयार?" मार्नीने विचारलं. "दिवे घालवा. मी पाच मोजेन."

अंधार झाला. ऑरिनच्या ओळखीचा, चौतीस वर्षांचा, घरचा अंधार.

"एक," मार्नी म्हणाली. शटर उघडल्याचा आवाज आला. "दोन."

विझेल, तो मनात म्हणाला. पण मनाला पटवलेलं अंगाला पटत नाही. त्याचा दंड लोरेटाच्या हातातून आपोआप सुटला. त्याने मान वळवली, कोपर दुमडून डोळ्यांवर घेतलं आणि खांदे आवळले. अंधारात कोण बघतंय?

"चार. पाच."

आधी प्रकाश की आधी आवाज, ते कुणालाच सांगता आलं नसतं. कडाडकन काही फुटलं, जमिनीवर काचा टणटणल्या, पहिल्या ओळीत कुणीतरी किंचाळलं. दिव्याच्या बटणाशी असलेला गृहस्थ ओरडला, "लावू का? लावू का?"

"थांबा!" मार्नीचा आवाज आला. मग शटर बंद झाल्याची खट्, मग सरकती पट्टी पेटीत परत ढकलल्याचा आवाज. आणि मग ती म्हणाली, "झालं."

दिवे लागले तेव्हा ती एका हाताने कॅमेरा धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताखालून, गालावरून, रक्ताची रेघ गळ्यापर्यंत गेली होती. आधी शटर, मग पट्टी, मग रक्त. ऑरिनने ते पाहिलं आणि त्या अवस्थेतही त्याच्या मनात आलं की आपण असं केलं नसतं. आपण टाहो फोडून खाली बसलो असतो. ही खरी फोटोग्राफर आहे.

चष्म्यामुळे डोळे वाचले. गालाला चार टाके पडले. कार्माइनने तिला स्वतः गाडीत घालून नेलं. इकडे तळघरात सगळे ऑरिनभोवती जमले, आणि त्याला वाटलं की आता झालं, आता सगळं उघडं पडणार. पण माणसं चांगली होती, तोच तर घात झाला.

"या पिवळ्या दिव्यांत कुणालाही निळाच दिसला असता," एक जण म्हणाला.

"आपल्या वयाला रंग दगा देतात," दुसरा म्हणाला. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत मी जांभळे मोजे काळे म्हणून घालत होतो."

लोरेटाने त्याचा हात हातात घेतला. "सोमवारी डोळे दाखवून येऊ," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस."

संध्याकाळी मार्नीचा फोन आला. "मिस्टर लेम्के, तुम्ही बरे आहात ना? मी उगाच तुम्हाला तपासायला लावलं. चूक माझी. नव्या माणसाने स्वतः पुन्हा बघायला हवं होतं." ऑरिन "हं, हं" करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने थंड पाण्याने तोंड धुतलं. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि सुटल्याची इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी सोमवारी सकाळी तो लोरेटाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आणि समोरच्या रंगीत ठिपक्यांतले दोन आकडे मुद्दाम चुकीचे सांगितले.

नोव्हेंबरच्या बैठकीला पहिलं बर्फ पडून गेलं होतं. जेवणाला आलेले सगळे जण सहकुटुंब आले होते, कारण त्या दिवशी फोटो भिंतीवर लागायचा असतो. मार्नीच्या गालावर अजून लालसर रेघ होती. तिने मोठं पाकीट टेबलावर ठेवलं आणि का कोण जाणे, लगेच उघडलं नाही.

"आला का?" कार्माइनने विचारलं.

"आला."

तिने फोटो काढला. काळ्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, ताटाएवढा. सगळे पुढे झुकले. फुटता फुटता त्या बल्बाने काय उजेड दिला होता! पहिल्या ओळीतल्या बुटांच्या नाड्या मोजाव्यात. कार्माइनच्या टायवरचा टार्टर सॉसचा डाग दिसत होता. एकोणपन्नास माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे, सगळी समोर बघून हसताहेत. आणि दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला एक माणूस मान फिरवून, खांदे आवळून, डोळ्यांवर कोपर घेऊन उभा.

"बापरे, ऑरिन," मोज्यांवाला म्हातारा हसत म्हणाला, "काय चपळ आहेस रे! बल्ब फुटायच्या आत तू तर हात..."

तो तिथेच थांबला. पुढचं कुणाला सांगायची गरज नव्हती. असा बल्ब पेटून विझेस्तोवर माणसाची पापणी लवत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या उजेडात दचकलेला माणूस सापडत नाही. सापडतो तो आधीपासून तयार असलेला. फ्लॅशचं सगळं शास्त्र कोळून प्यायलेला एक माणूस नेमकी हीच गोष्ट अंधारात विसरला होता.

कार्माइनने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. मग तो ऑरिनकडे न बघता म्हणाला, "तुला दिसला होता."

ऑरिनने तोंड उघडलं. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "गुलाबी होता. मला वाटलं विझेल." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मला वाटत होतं, तुझा फोटो येऊ नये."

हे त्याने मार्नीला उद्देशून म्हटलं होतं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. तीन आठवडे ती या फोटोबरोबर राहिली होती, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

"मी आणखी एक प्रत केलीय," ती हळू म्हणाली. "उजवीकडून दोन बोटं कापून. त्यात तुम्ही दिसत नाही. कुणाला काही कळलं नसतं. पण आधी हाच आणावा असं मला वाटलं." तिने पाकिटातून दुसरी प्रत अर्धी बाहेर काढली. "तुम्ही म्हणाल तो लावू."

 लोरेटा फोटोवर वाकून उभी होती. फोटोत ती टोकाच्या माणसाला खेटून होती. तिचा एक हात, जो कुणाच्या दंडात असायला हवा होता, तो तसाच रिकामा, दुमडलेला होता. चेहरा समोर, डोळे टक्क उघडे, आणि ओठ मिटून हसू.

"मार्नी," तिने विचारलं, "दिवे गेल्यापासून बल्ब पेटेपर्यंत तू किती मोजलेस?"

"पाच."

"पाच," लोरेटा म्हणाली. ती ऑरिनकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं असं त्याला वाटलं. "'खाली वाक' म्हणायला एवढा वेळ लागत नाही, ऑरिन. मी तुझ्या शेजारी होते."

 तिचं खरं होतं. मार्नीवर जळता जळता त्या अंधारात त्याला लोरेटाची आठवणच राहिली नव्हती. त्याने फक्त स्वतःला वाचवलं होतं.

कार्माइनने कापलेली प्रत उचलून पाहिली. "हा लावू या," तो म्हणाला. चाळीस वर्षांची दोस्ती होती, एवढं तर तो करणारच.

"नको," ऑरिन म्हणाला. "कापू नका."

मंडळात फोटो लागण्याआधी प्रत्येकाने आपापल्या आकृतीखाली काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पेन्सिलीने सही करायची असते. सह्या सुरू झाल्या. नेहमी त्यात थट्टा चालायची, या वेळी पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. लोरेटाने आपलं नाव लिहिलं, सावकाश, गोल अक्षरांत. पेन्सिल तिने ऑरिनच्या हातात दिली नाही. ती टेबलावर ठेवली आणि आपला कोट घ्यायला गेली.

ऑरिनने पेन्सिल उचलली. उजव्या टोकाला, त्या कोपराखाली, त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं.